टाकाऊ कागदांतील इतिहास : अमेरिकन ग्रंथालयांच्या स्मृतिवस्तू आणि त्यांचा संग्रह

प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासकाला ग्रंथालय हे साधनांचे घर म्हणून परिचित असते. त्या घरालाही स्वतःचा इतिहास असतो आणि त्या इतिहासाचीही साधने असतात, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ग्रंथालयाचे वार्षिक अहवाल, मंडळाची इतिवृत्ते, देणगीदारांची चरित्रे ही साधने जपली जातात. वाचकाच्या हातातून रोज गेलेला कागद मात्र जपला जात नाही. वाचकाचे तिकीट, परतीच्या तारखांची चिठ्ठी, मुदत संपल्याची सूचना, तालिकापत्र, इमारतीचे चित्र असलेले पोस्टकार्ड, वाचनवृद्धीची भित्तिपत्रके हे सारे काम संपताच केराच्या टोपलीत जाते. इंग्रजीत अशा साहित्याला 'एफिमेरा' ही संज्ञा आहे. मराठीत त्याला अल्पजीवी कागदपत्रे म्हणता येईल.

काही वर्षांपूर्वी पुण्यात किलोच्या भावाने पुस्तके विकणाऱ्या एका प्रदर्शनात प्रस्तुत लेखकाने अमेरिकन यादवी युद्धावरील एक पुस्तक घेतले. ओहायो राज्यातील एका लहान गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते बाद केले होते. आतल्या पानावर तसा शिक्का होता, मागच्या पुठ्ठ्याला जाड कागदाचा खिसा चिकटवलेला होता आणि त्यासमोर परतीच्या तारखांची चिठ्ठी होती. चिठ्ठीवर एकवीस शिक्के होते : पहिल्या दोन वर्षांत सतरा, पुढील पंधरा वर्षांत चार. पुस्तकाचा मजकूर अन्यत्रही मिळाला असता. ही चिठ्ठी मात्र एकच होती. पुस्तक नवे असताना गावात ते किती हातांतून फिरले आणि नंतर कसे विसरले गेले, याची दुसरी नोंद बहुधा कोठेही नसावी. या चिठ्ठीमुळेच प्रस्तुत विषयाकडे लेखकाचे लक्ष वेधले गेले.

ग्रंथालयाशी संबंधित अशा वस्तू जमविण्याच्या छंदाला अमेरिकेत 'लायब्ररियाना' असे नाव आहे. कनेक्टिकट विद्यापीठाचे ग्रंथपाल नॉर्मन स्टीव्हन्स यांनी १९८६ साली या संग्रहाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यांनी स्वतः जमविलेली ग्रंथालयांची सुमारे २५,००० पोस्टकार्डे पुढे माँट्रिअल येथील वास्तुकलेच्या अभ्यासकेंद्राकडे गेली. ती ग्रंथालयाकडे न जाता वास्तुकलेच्या संस्थेकडे गेली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. संग्राहकाने काय जमविले यावर पुढच्या इतिहासकाराला काय दिसणार हे ठरते, आणि अमेरिकन ग्रंथालयांच्या बाबतीत सर्वाधिक जमविल्या गेल्या त्या इमारतींच्या प्रतिमा. वाचक त्यांत क्वचितच आहे. ज्याला वाचक होऊ दिले गेले नाही तो तर जवळजवळ नाहीच. प्रस्तुत लेखात काही निवडक वस्तूंच्या आधारे या दोघांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पोस्टकार्डावरील इमारत

अमेरिकन टपाल खात्याने मे १८७३ मध्ये एक सेंट किमतीचे पोस्टकार्ड सुरू केले. अशी कार्डे मुदत संपल्याच्या छापील सूचना पाठविण्यास ग्रंथालयांना सोयीची ठरली. १८९८ च्या कायद्याने खाजगी मुद्रकांच्या कार्डांनाही एक सेंटचाच दर मिळाला आणि १ मार्च १९०७ पासून कार्डाच्या मागील बाजूचे दोन भाग करून पत्त्याशेजारी मजकूर लिहिण्याची मुभा आली. त्यामुळे पुढचा संपूर्ण पृष्ठभाग चित्राला मोकळा झाला. या काळातील अनेक रंगीत कार्डे जर्मनीत छापून येत. महायुद्धाने तो पुरवठा तोडला.

नेमक्या याच वर्षांत अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून गावोगावी ग्रंथालये उभी राहत होती. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडॉक येथे १८८९ साली त्यांचे अमेरिकेतील पहिले ग्रंथालय उघडले आणि पुढील काही दशकांत १,६७९ सार्वजनिक ग्रंथालयांच्या इमारती त्यांच्या पैशातून झाल्या. अट साधी होती : जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या किमान एक दशांश इतकी रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करावी. कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११ साली इमारतीच्या रचनेविषयी एक लहान पुस्तिका काढली. तिच्या नावात 'बिल्डिंग्ज' हा शब्द 'यू' हे अक्षर गाळून छापला होता, कारण कार्नेगींना इंग्रजी लेखनाच्या सुधारणेचाही ध्यास होता. तत्कालीन नगरमंडळांना हा शब्द छापखान्याची चूक वाटला असल्यास नवल नाही. ही काही पानांची पुस्तिका गावोगावच्या इमारतींचा आराखडा ठरविण्यास कारणीभूत झाली. तिची प्रत मिळणे हे संग्राहकाला भाग्याचे वाटते.

तेव्हा लहान गावाला अभिमानाने दाखविण्याजोगी नवी इमारत आणि ती दाखविण्याचे एक सेंटचे साधन ही दोन्ही एकाच वेळी मिळाली. कार्नेगी ग्रंथालयांची पोस्टकार्डे आजही विपुल आढळतात ती यामुळे. चित्रात बहुधा पायऱ्या, स्तंभ, समोर कोवळी झाडे आणि निर्मनुष्य रस्ता. या शांत चित्रांवर कितपत विश्वास ठेवावा?

होमस्टेड येथील ग्रंथालयाचे उदाहरण घ्यावे. कार्नेगींच्या पोलाद कारखान्यात १८९२ साली झालेल्या संपात गोळीबार झाला, माणसे मेली आणि कामगार संघटना मोडली गेली. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, तेथेच संगीतगृह आणि पोहण्याचा तलाव असलेले भव्य ग्रंथालय उघडले. बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराने तेथे वाचायला यायचे केव्हा, हा प्रश्न त्या काळातच विचारला गेला होता. पोस्टकार्डावर तलावाचा उल्लेख असू शकतो, पाळीचा नसतो.

अटलांटाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील कार्नेगी ग्रंथालय १९०२ साली उघडले. अटलांटा विद्यापीठात इतिहास व अर्थशास्त्र शिकविणारे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस कृष्णवर्णीय नागरिकांचे शिष्टमंडळ घेऊन ग्रंथालयाच्या विश्वस्तांना भेटले आणि करातून चालणाऱ्या या ग्रंथालयात आम्हांला प्रवेश का नाही, असे त्यांनी विचारले. प्रवेश मिळाला नाही. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाखा उघडायला १९२१ साल उजाडले. एका प्राध्यापकाला आपल्याच शहराच्या ग्रंथालयाच्या दारात उभे राहून ही विचारणा करावी लागावी, हे प्राध्यापकी करणाऱ्या कोणालाही सहज विसरता येणार नाही. ती पांढरी इमारत १९७७ मध्ये पाडली गेली. पोस्टकार्डांवर ती अजून उभी आहे, आणि ते दारही.

ड्यूई यांचे तीन कागद

मेल्विल ड्यूई यांचे नाव ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यांच्या कार्यातून निर्माण झालेल्या अल्पजीवी कागदांपैकी तिघांचा येथे विचार करू.

पहिला कागद म्हणजे १८७६ ची दशांश वर्गीकरणाची पुस्तिका. ती अवघ्या ४४ पानांची होती आणि मुखपृष्ठावर कर्त्याचे नाव नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फिया येथे १०३ जणांच्या उपस्थितीत अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापना झाली. त्यांत तेरा स्त्रिया होत्या. त्यानंतर अकरा वर्षांनी ड्यूई यांनी कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग उघडला तेव्हा पहिल्या तुकडीतील वीसपैकी सतरा विद्यार्थी स्त्रिया होत्या.

दुसरा कागद तालिकापत्राचा. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटर हे त्याचे माप रूढ करण्यात ड्यूई यांच्या 'लायब्ररी ब्यूरो' या व्यापारी संस्थेचा मोठा वाटा होता. तीच संस्था कार्डे विके आणि ती ठेवण्याची लाकडी कपाटेही विके. टंकलेखन यंत्रे सर्वत्र येण्यापूर्वी कार्ड कोणीही लिहिले तरी अक्षर सारखे दिसावे म्हणून 'लायब्ररी हँड' नावाचे गोल, सुटे वळण विद्यार्थ्यांना घोटून घ्यावे लागे. जुन्या कार्डांवरील हे अक्षर एकसारखे असल्याने लिहिणारी कोण हे ओळखता येत नाही, आणि वळणाचा हेतूच तो होता. हजारो स्त्रियांनी लिहिलेली ही कार्डे आज निनावी आहेत.

तिसरा कागद ग्रंथालयाचा नाही, पण अमेरिकन ग्रंथालयांच्या इतिहासात त्याला स्थान द्यावेच लागते. ड्यूई न्यू यॉर्कचे राज्य ग्रंथपाल असताना लेक प्लॅसिड येथे एक विश्रामस्थानही चालवीत. त्याच्या छापील परिपत्रकात ज्यूंना प्रवेश नसल्याचे नमूद होते. हे परिपत्रक विरोधकांच्या हाती पडले. वकील लुईस मार्शल आणि अन्य ज्यू पुढाऱ्यांनी राज्याच्या शिक्षणमंडळाकडे अर्ज केला. मंडळाने १९०५ साली ड्यूई यांना जाहीर समज दिली आणि त्यांना राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. स्त्री-सहकाऱ्यांशी असभ्य वर्तनाच्या तक्रारीही त्यांच्यावर होत्या. या दोन्ही कारणांस्तव जून २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढले. वेन विगंड यांनी १९९६ साली लिहिलेल्या चरित्रामुळे हा तपशील अभ्यासकांसमोर आला होता. तरी गौरवाचे नाव उतरायला आणखी तेवीस वर्षे गेली. पाहुण्यांसाठी छापलेले आणि फेकून द्यायचे असे एक पत्रक या प्रकरणाच्या मुळाशी होते.

याच पिढीच्या ग्रंथालय-चळवळीचा एक धागा आपल्याकडे येतो. सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेस गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन हे ड्यूई यांचे समकालीन आणि अनेक बाबतींत प्रतिस्पर्धी असलेल्या चार्ल्स कटर यांच्या परंपरेतले. त्यांनी १९१३ पर्यंत बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, प्रशिक्षणवर्ग चालविला, स्वतंत्र वर्गीकरण रचले. बडोदा संस्थानातील फिरत्या ग्रंथपेट्यांमागेही अमेरिकेतील अशाच पेट्यांचा आदर्श होता. १९१२ पासून निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. अमेरिकन ग्रंथालय-इतिहासाचा संग्राहक सहसा आपल्या देशाच्या सीमेवर थांबतो. बडोद्याची ही पेटी आणि हे नियतकालिक त्याच्या कक्षेत येत नाहीत. वस्तुतः यायला हवीत.

कार्डांचा अंत आणि वाचकाच्या खुणा

काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९०१ पासून छापील तालिकापत्रे अन्य ग्रंथालयांना विकण्यास आरंभ केला आणि हाताने लिहिलेले कार्ड हळूहळू मागे पडले. १९७१ पासून ओसीएलसी ही सहकारी संस्था संगणकावरून कार्डे छापून पुरवू लागली. तिने एकूण सुमारे १९० कोटी कार्डे छापली. शेवटची १ ऑक्टोबर २०१५ रोजी. तोपर्यंत बहुतेक ग्रंथालयांनी आपले कार्ड-कपाट केव्हाच हलविले होते.

ही कपाटे रिकामी होत असतानाच कादंबरीकार निकोल्सन बेकर यांनी १९९४ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये त्याविरुद्ध दीर्घ लेख लिहिला. कार्डावरील माहिती संगणकात गेली हे खरे. पण ग्रंथपालांनी पेन्सिलीने केलेल्या टिपा, दुरुस्त्या आणि बोटांनी मळलेल्या कडा गेल्या नाहीत. ग्रंथपालांपैकी अनेकांना हा लेख भाबडा वाटला, आणि त्यांची अडचणही समजण्याजोगी आहे. जागा मर्यादित, मनुष्यबळ मर्यादित, आणि वाचकाला संगणकावर पुस्तक लवकर सापडते. तरीही बेकर यांचा मूळ मुद्दा इतिहासाच्या अंगाने योग्य होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कार्डाची मळलेली कड हा वापराचा पुरावा होता. कपाटे पुढे घरगुती शोभेची वस्तू म्हणून विकली गेली. त्यांत आता कोणी बिया ठेवतो, कोणी दारूच्या बाटल्या. लाकूड वाचले, कागद गेला.

कागद वाचला तर काय हाती लागते याचे उत्तम उदाहरण इंडियाना राज्यातील मन्सी येथे मिळाले. तेथील कार्नेगी ग्रंथालयाच्या नूतनीकरणाच्या काळात, २००३ साली, देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या सापडल्या. १८९१ ते १९०२ या काळात (मधली सुमारे अडीच वर्षे सोडून) कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले याची रोजची नोंद त्यांत होती. बॉल स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सुमारे पावणेदोन लाख नोंदी जनगणनेतील माहितीशी जोडून २०११ मध्ये सर्वांना खुल्या केल्या. लोहाराच्या मुलाने काय वाचले, डॉक्टरच्या पत्नीने काय वाचले, हे आता विचारता येते. ग्रंथपाल कोणती पुस्तके 'चांगली' म्हणून शिफारस करीत आणि गाव प्रत्यक्षात काय नेत असे, यांतील अंतर तेथे स्पष्ट दिसते. पोरवयातील वाचकांनी होरेशियो ॲल्जर यांच्या गोष्टी मनसोक्त नेल्या. गंमत अशी की १९२० च्या दशकात लिंड दांपत्याने 'मिडलटाऊन' या नावाने ज्या गावाचा विख्यात समाजशास्त्रीय अभ्यास केला, ते गाव हेच. त्यांना या वह्या उपलब्ध झाल्या असत्या तर!

मात्र येथे एक पेच आहे. अशी नोंद आज कोणत्याही अमेरिकन ग्रंथालयात सापडणार नाही आणि सापडू नये. वाचकाच्या नोंदीची गुप्तता हे तत्त्व असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेत आले. पुढे बहुतेक राज्यांनी त्यासाठी कायदे केले. वाचकांची माहिती मिळविण्यासाठी शीतयुद्धाच्या काळात संघीय तपास यंत्रणेने ग्रंथपालांकडे चौकशा केल्या होत्या, हे ध्यानी घेता या कायद्यांची गरज पटते. पुस्तक परत येताच नोंद पुसणे ही आता अनेक ठिकाणी रीत आहे. इतिहासकाराचे नुकसान हा येथे वाचकाच्या स्वातंत्र्याचा लाभ ठरतो. जुन्या पुस्तक-कार्डांवर वाचकांच्या स्वाक्षऱ्या असतात. संग्राहक त्या आवडीने जमवितात. स्वाक्षरी करणाऱ्या व्यक्ती हयात असण्याचा संभव असलेल्या काळातील कार्डांवरील नावे उघड करू नयेत, असे लेखकास वाटते.

केंटकीच्या पूर्व डोंगराळ भागातील चोपड्यांना हा पेच नाही. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ दरम्यान, सरकारी रोजगार योजनेखाली तेथे घोड्यांवरून आणि खेचरांवरून पुस्तके पोहोचविली जात. हे काम मुख्यतः स्त्रिया करीत. वेतन महिना २८ डॉलर. पुस्तके अपुरी पडत, म्हणून जुन्या मासिकांतील कात्रणे, पाककृती, गोधड्यांचे नमुने चिकटवून त्यांनी चोपड्या तयार केल्या आणि त्या घरोघर फिरविल्या. ग्रंथालयाने वाचकासाठी पुस्तक विकत घ्यायचे असते, ही आपली समजूत. येथे ग्रंथपालांनी ते स्वतः बनविले, आणि त्यांतील बरेचसे वाचकांच्या स्वयंपाकघरातून आले.

पहिल्या महायुद्धातील भित्तिपत्रकांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण ती संग्राहकांत पुरेशी प्रसिद्ध आहेत. १९१७ साली हर्बर्ट पुटनम यांच्या नेतृत्वाखाली असोसिएशनने सैनिकांसाठी ग्रंथसेवा उभारली. चार्ल्स फॉल्स यांच्या चित्रातील, पुस्तकांची उंच चळत सावरणारा सैनिक त्या मोहिमेचे चिन्ह ठरला. त्याच मोहिमेच्या काळात, १९१८ मध्ये, युद्धखात्याने छावणीच्या ग्रंथालयांतून काढून टाकावयाच्या पुस्तकांच्या याद्या पाठविल्या आणि ग्रंथपालांनी त्या निमूटपणे पाळल्या. भित्तिपत्रक लिलावात विकले जाते. यादी कोणी चौकटीत लावीत नाही.

न दिलेले कार्ड

वाचकाचे तिकीट किंवा कार्ड ही लायब्ररियानातील सर्वांत साधी वस्तू. नाव, क्रमांक, मुदत, मागे नियम. व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे हे कार्ड मागण्यासाठी २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने कार्ड मागितले, प्रत्येकाला ते नाकारले गेले. मग प्रत्येकाने मांडणीवरून एक पुस्तक घेतले आणि तो वेगळ्या टेबलाशी वाचत बसला. पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. शांतताभंगाचा आरोप ठेवला गेला. ही योजना त्याच शहरात वाढलेले तरुण वकील सॅम्युअल टकर यांची होती. शांततेने वाचत बसलेल्या माणसाने कोणाची शांतता भंग केली, हा प्रश्न त्यांना न्यायालयापुढे आणायचा होता.

खटला निकालाविना लांबला. शहराने १९४० साली कृष्णवर्णीयांसाठी रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या नावाने वेगळे, लहान ग्रंथालय बांधून दिले आणि टकर यांना त्या ग्रंथालयाचे कार्ड देऊ केले. टकर यांनी पत्र लिहून ते नाकारले. आपण अर्ज मुख्य ग्रंथालयाच्या कार्डासाठी केला होता, त्याऐवजी दुसरीकडचे कार्ड कधीही स्वीकारणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्या पाच जणांवरील आरोप ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐंशी वर्षांनी, औपचारिकपणे रद्द झाले. तेव्हा त्यांपैकी कोणीही हयात नव्हते.

अलेक्झांड्रियाच्या १९३९ सालच्या वाचक-कार्डांपैकी एखादे एखाद्या संग्राहकाकडे असेलही. त्यावर कोणा गोऱ्या वाचकाचे नाव असेल. त्या पाच जणांची कार्डे कोणाकडेच असणार नाहीत, कारण ती लिहिलीच गेली नाहीत. शिल्लक आहेत ती न्यायालयीन कागदपत्रे, पोलिसांबरोबर ग्रंथालयातून बाहेर पडणाऱ्या नीटनेटक्या पोशाखातील तरुणांचे एक छायाचित्र आणि टकर यांचे पत्र. रॉबिन्सन ग्रंथालयाच्या त्या लहान इमारतीत आता कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.